डाव्या हाताची भाकरी

१९ नोव्हेंबर १९८१, गुरुवार

आज कॉलेजात एक बाई आल्या आणि सदऱ्याची बटणं लावणं हासुद्धा अभ्यासाचा विषय असतो असं सांगून गेल्या.

झूऑलॉजीच्या सरांनी आम्हा सात-आठ जणांना तास संपल्यावर थांबवून घेतलं होतं. सगळे मेडिकल हुकलेले. माझं अकरा मार्कांनी हुकलं. हे बेळगावात कुणाला सांगायचं राहिलेलं नाही, कारण अण्णा वकील आहेत आणि त्यांनी येईल त्या अशिलाला ते सांगितलंय. तर या बाईंचं नाव विद्युल्लता. मुंबईला शिकल्या, आता इथल्याच एका दवाखान्यात काम करतात. त्यांनी मला पुढे बोलावलं, उजवा हात पाठीमागे धरायला लावला आणि म्हणाल्या, "आता डाव्या हातानं सगळी बटणं काढ आणि परत लाव."

चार मिनिटं लागली. वर्ग हसून हसून लोळला. शेवटचं बटण मी दातांनी ओढलं.

बाई म्हणाल्या, "ज्याचा हात गेलाय तो रोज सकाळी हेच करतो. त्याला ते सोपं करून देणं हे आमचं काम." या कामाला ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. माणसाला त्याची रोजची कामं परत करता यावीत म्हणून उपचार. मुंबईला डिग्रीचा कोर्स आहे. शरीरशास्त्र, मानसशास्त्र, हाडं, स्नायू, सगळं शिकवतात. "बघायचं असेल तर शनिवारी दवाखान्यात या," म्हणाल्या.

पत्ता फक्त मी विचारला. खरं सांगायचं तर पांढरा कोट घालायला मिळेल असं वाटलं.

२१ नोव्हेंबर, शनिवार

कोट नाही.

दवाखान्याच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली. तिथं लाकडी ठोकळे, दोरा भरायचे मोठे मणी, शिवणाचं पायमशीन, एक हातमाग, वेताच्या अर्धवट टोपल्या आणि कोपऱ्यात चक्क स्टो, तवा आणि परात. मी विचारलं, स्टाफचा चहा इथं होतो का? बाई म्हणाल्या, "नाही, हे औषध आहे."

मग त्यांनी मला अंबुबाईंच्या पुढ्यात नेऊन बसवलं. वय अठ्ठावन्न. गाव उचगाव, पण नवरा गेल्यापासून वीस वर्षं खडेबाजाराच्या मागच्या बोळात एकट्या राहतात आणि तिथल्या एका खानावळीला रोज साठ भाकऱ्या देतात. देत होत्या. ऑगस्टमध्ये अंगावरनं वारं गेलं. पाय काठीच्या आधारानं सुधारला. उजवा हात खांद्यापासून थोडा हलतो, पण बोटं मिटलेलीच.

"ह्यो कोन?" त्यांनी बाईंना विचारलं.

"विद्यार्थी आहे. शामू नाव. तुम्हाला मदत करील."

अंबुबाईंनी माझे हात उलटेपालटे करून बघितले. "ह्या हातानं कदी काय केलंय का रं?"

"लिहितो," मी म्हटलं.

"मग कर मदत," म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून बसल्या.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे टोपल्या विणायच्या." मी म्हटलं, तसं नाही, यात अ‍ॅनाटॉमी आहे. ते म्हणाले, "पुढच्या वर्षी परत मेडिकलला बस. नाहीतर लॉ कर. हे दवाखान्यातलं खूळ घरात आणू नकोस." एवढे चिडतील असं वाटलं नव्हतं.

हल्ली अण्णांची ऐट वाढलीय. दाढी घरी करत नाहीत, सलूनमध्ये जातात. दावे, अर्ज सगळं गोपाळराव कारकुनांना तोंडी सांगतात, स्वतः पेन उचलत नाहीत. वर्तमानपत्रसुद्धा टेबलावर पसरून कोर्टातल्यासारखं वाचतात. आणि चहा अर्धाच कप. आई म्हणते, पित्त.

५ डिसेंबर, शनिवार

बाईंनी मला काम दिलं : भाकरी करण्याच्या पायऱ्या लिहून आण. मी चार लिहिल्या. पीठ घेणे, मळणे, थापणे, भाजणे. बाईंनी कागद अंबुबाईंना वाचून दाखवला.

अंबुबाई पहिल्यांदाच हसल्या. "आनि पानी कोन तापवनार, ह्याचा आजा?"

मग त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. आधणाचं पाणी पिठात ओतताना हात कुठं धरायचा. तळव्याच्या कुठल्या भागानं मळायचं. गोळा हातात घेऊन कड कशी वळायची. परातीत पीठ भुरभुरून थापताना भाकरी आपोआप फिरते ती का फिरते. थापलेली उचलून तव्यावर टाकायची, वरनं पाण्याचा हात फिरवायचा, ते पाणी सुकायच्या आत उलटायची. एकतीस पायऱ्या झाल्या. प्रत्येकीपुढं बाईंनी लिहायला सांगितलं : कुठला हात, कुठले स्नायू, दोन्ही हात लागतात का एक पुरतो.

फिजिक्समध्ये तरफेचे तीन प्रकार पाठ केले होते. कोपर हा त्यातला तिसरा प्रकार आहे हे आज कळलं. बायसेप्स नावाला मी आजवर फक्त पहिलवानांच्या संदर्भात ओळखत होतो.

शेवटी अंबुबाई म्हणाल्या, "ल्ह्यून काय हुतंय? करून आन. मग बोल माझ्यासंगं."

१३ डिसेंबर, रविवार

केल्या. सहा. आई आधी स्वयंपाकघरात येऊच देईना, मग दारात उभी राहून पदर तोंडाला लावून हसत राहिली. पहिली भाकरी महाराष्ट्रासारखी झाली, दुसरी कर्नाटकासारखी. दोन्ही शेजारी ठेवल्या तर कडा काही केल्या जुळेनात. आई म्हणाली, "ठेव तशाच. मोठ्यामोठ्यांना जमलं नाही ते."

तिसरी उचलताना फाटली. चौथीनं बोट भाजलं. पण सहावी फुगली! फुगली म्हणजे अर्धी फुगली, पण मी ओरडलो तेव्हा शेजारच्या काकू धावत आल्या.

अण्णांनी ताटात कर्नाटक आणि अर्धा महाराष्ट्र संपवला.

९ जानेवारी १९८२, शनिवार

चार शनिवार अंबुबाई परातीशी झटतायत. बाईंनी परातीखाली ओलं फडकं घातलं, आता ती सरकत नाही. उजव्या हाताचं मनगट परातीच्या कडेवर वजनासारखं ठेवायचं आणि डाव्यानं मळायचं, हे जमलं. डाव्यानं थापणंही जमलं. अडतंय ते एकाच ठिकाणी : थापलेली भाकरी उचलायला दोन हात लागतात.

मी आठवडाभर डोकं चालवून उपाय काढला होता. ओल्या कापडावर थापायची आणि कापडासकट तव्यावर उपडी करायची. बाईंना आवडला. मला वाटलं, शोध लावला.

अंबुबाईंनी कापड उचललं, माझ्याकडं बघितलं आणि खाली टाकलं. "कापडावर थालपीठ थापत्यात. भाकरी न्हवं."

"पण अंबुबाई, तव्यावर पडली म्हणजे झालं ना?"

"तुजं झालं. माझं न्हाय."

काठी उचलून निघून गेल्या. बाई मला म्हणाल्या, "उपाय चांगला होता. फक्त तो तू एकट्यानं शोधलास." मला नीट कळलं नाही. एकट्यानं शोधला यात वाईट काय?

१६ जानेवारी, शनिवार

अंबुबाई आल्याच नाहीत. बाईंनी पत्ता दिला, मी गेलो. बोळातल्या खोलीत त्यांचा मुलगा परशराम गाठोडी बांधत होता. गावाकडं शेती करतो, आडव्या बांध्याचा, शांत माणूस. अंबुबाई उंबऱ्यात बसलेल्या.

मी त्याला म्हटलं, "तुम्ही यांना नेऊ नका. उपचार अर्धवट राहतील."

तो म्हणाला, "साहेब, आई वीस वर्सं आगीफुडं बसली. आता हात गेला. आता बी तिनं भाकऱ्या बडवायच्या? लोकं माझ्या तोंडात श्यान घालतील. बसून खाऊ दे की तिला."

अंबुबाईच बोलल्या. "परशा, तुजी बायकू सोन्यासारखी हाय. ताट वाढून देती, पानी देती. गेल्या म्हैन्यात सा दिस ऱ्हायले न्हवं मी? सा दिस मला कुनी कायबी इचारलं न्हाय. 'आत्ती, मीट किती घालू' एवढं बी न्हाय." मग खानावळीच्या दिशेनं मान करून म्हणाल्या, "हितं येकतीस मानसं माझ्या हातचं खात हुती. त्यातली मी येक."

परशराम गाठोड्याच्या गाठीशी खेळत बसला. मग म्हणाला, "खानावळवाला मायाप्पा कवापतोर थांबतोय?"

"जून म्हैन्यापतोर. पन म्हनला, गिऱ्हाइकानं नाव ठेवलं तर मग माझा इलाज न्हाय."

"मग जून म्हैन्यापतोर ऱ्हा," म्हणाला आणि गाठोडं सोडायला लागला. मीही लागलो. माझी गाठ सुटेना, तेव्हा अंबुबाईंनी डाव्या हातानं सोडली.

३० जानेवारी, शनिवार

आजचा दिवस! हात अजून पिठाचे आहेत, पान खराब होतंय, होऊ दे.

आज मी काहीही शोधून नेलं नव्हतं. खाली बसलो आणि विचारलं, "अंबुबाई, तुम्हीच सांगा. काय केलं तर जमेल?" त्या परातीकडं बघत राहिल्या. थापलेली भाकरी आत होती. त्यांनी परात डाव्या हातानं तिरकी केली. भाकरी खालच्या पिठावरनं सर्रकन घसरली आणि परातीच्या काठाला अडकली.

"ही कड नस्ती तर," त्या म्हणाल्या.

मी आणि बाई एकमेकांकडं बघत राहिलो.

"बघत काय बसलाय? जा की भावकूकडं!"

भावकू म्हणजे खडेबाजारातला पत्र्याची कामं करणारा. मी सायकलवर परात घेऊन सुटलो. चांगल्या परातीची एक बाजू ठोकून सपाट करायची म्हटल्यावर त्यानं मला वेड्यात काढलं. मी त्याला अख्खी गोष्ट सांगितली. ऐकून त्यानं कड ठोकलीच, शिवाय कानसही मारली, बाईमाणसाचं बोट कापायला नको म्हणून.

परत आलो. अंबुबाईंनी थापली. परात डाव्या हातात धरली, उजवा हात खालून टेकू म्हणून सरकवला, तवा गाठला, परात कलती केली आणि भाकरी सुटली ती थेट तव्यावर. गोल. एक घडी नाही. मग पाण्याचा हात, मग उलटली, मग ती जी फुगली!

हातमागावर बसलेले एक पेशंट आजोबा टाळ्या वाजवायला लागले. बाईंनी डोळे पुसले आणि स्टोचा धूर झाला म्हणाल्या. अंबुबाई मात्र भाकरी दोन बोटांनी दाबून बघत होत्या. "थोडी जाड झाली," म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी, रविवार

परीक्षा जवळ. हाताच्या पंज्यात सत्तावीस हाडं असतात. पाठ झाली. लायब्ररीतून मानसशास्त्राचं पुस्तक आणलंय, समजत नाही तरी वाचतोय. अंबुबाई दिवसाला बारा भाकऱ्यांवर आल्यात.

२ मार्च, मंगळवार

मुंबईहून फॉर्म आला. शेवटची तारीख ३१ मार्च. 'राज्य' या रकान्यापाशी पेन जरा अडखळलं, पण भरलं. आता फक्त पालकाची सही. तीन ठिकाणी. अण्णांच्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "ठेव तिथं. बघतो."

१० मार्च, बुधवार

फॉर्म तिथंच आहे.

१६ मार्च, मंगळवार

आज मी फॉर्म आणि पेन घेऊनच समोर उभा राहिलो. "अण्णा, तीनच सह्या आहेत." त्यांनी पेन हातात घेतलं. मग खाली ठेवलं आणि ओरडले, "अशिलं बसलीत बाहेर, कळत नाही तुला?" बाहेर कुणी नव्हतं.

मी आईला म्हटलं, "त्यांना मला टोपल्या विणणाऱ्याचा बाप व्हायचं नाही, सरळ सांगावं तरी." आई काहीतरी बोलणार होती. मग म्हणाली, "तू त्यांना चहा काठोकाठ भरून देत जाऊ नकोस बाबा." सहीचा आणि चहाचा काय संबंध!

२० मार्च, शनिवार

सगळं लिहायचं आहे, जसं घडलं तसं.

अकराच्या सुमारास दवाखान्याच्या त्या खोलीच्या दारात अण्णा. काळा कोट, उजवा हात खिशात. मी उठलो तर मला नजरेनंच बसवलं. बाईंना म्हणाले, "तुम्हीच का त्या? माझ्या मुलाच्या डोक्यात हे भरवण्याआधी मला एकदा विचारायचं होतंत."

बाई म्हणाल्या, "बसा. चहा घेऊ आधी." आणि आमच्या खोलीतला चहा म्हणजे भरलेली कपबशी. अण्णा कपाकडं बघत राहिले. डावा हात पुढं केला, मागं घेतला. शेवटी उजवा हात खिशातून निघाला, कपाच्या कानापाशी पोचला आणि कप बशीवर असा वाजायला लागला की मागावरच्या आजोबांनी मान वर केली. चहा कोटावर सांडला.

बाईंनी फडकं पुढं केलं.

"वकीलसाहेब, हात थरथरतोय व्हय?" पीठ मळता मळता अंबुबाई म्हणाल्या. "किती दिस झालं?"

मला वाटलं, आता अण्णा त्यांना फाडून खाणार. अण्णा म्हणाले, "दीड वर्ष."

दीड वर्ष. दाढी, वर्तमानपत्र, गोपाळराव, अर्धा कप, सगळं माझ्यासमोर होतं. चार महिने मी हातांचा अभ्यास करतोय. हा हात रोज माझ्यासमोर जेवायला बसत होता आणि मी त्याला ऐट म्हणत होतो.

बाईंनी त्यांचा हात बघितला. मांडीवर ठेवला की शांत राहतो, लिहायला-उचलायला गेलं की थरथरतो. "हा पक्षाघात नाही. डॉक्टरांना दाखवू. पण घाबरण्यासारखं मला तरी काही दिसत नाही," म्हणाल्या.

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "वकिलाची सही हलली की लोकांना वाटतं वकीलच हलला. म्हणून दाखवलं नाही कुणाला. परवा शामूच्या फॉर्मवर..."

"माझा तर हातच गेल्ता," अंबुबाई म्हणाल्या. "तुमचा जाग्यावर हाय. जरा नाचतोय, एवडंच."

आणि अण्णा हसले. आधी ओठ दाबून, मग खदखदून. त्यांना असं हसताना मी कधी बघितलं होतं ते आठवेना.

बाईंनी मला खूण केली. मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापला, पेनावर दोन वेढे देऊन बसवला, म्हणजे पेन जाड आणि जड झालं. टेबल पुढं ओढलं. "अण्णा, कोपर हवेत ठेवू नका. आख्खा हात टेबलावर टेकवा," मी म्हटलं. "खांद्यातनं लिहा, बोटांतनं नको." अण्णांना मी काही शिकवतोय असं आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

रद्दी कागदावर पहिली सही वाकडी. दुसरी बरी. मग त्यांनी वीसेक वेळा आपलं नाव 'चिंतामणी' लिहिलं, शाळेतल्या पोरासारखं जीभ बाहेर काढून. एकविसाव्याला म्हणाले, "फॉर्म कुठाय?"

फॉर्म माझ्या पिशवीतच होता.

२७ मार्च, शनिवार

फॉर्म गेला. पाकिटावरचा पत्ता अण्णांनी स्वतः लिहिला. अक्षरं मोठी आहेत, पोस्टमनला चष्म्याची गरज पडणार नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. कोर्टात म्हणे त्यांनी ट्यूबवालं पेन सगळ्यांसमोर काढलं आणि विचारणाऱ्याला सांगितलं, "आमच्या चिरंजीवांचं प्रिस्क्रिप्शन." मला गोपाळरावांनी सांगितलं. अण्णा कसले सांगतायत.

१ मे, शनिवार

अंबुबाई चाळीसवर! मधे दोनदा हात भाजला, एकदा रडल्या, एकदा परात भिरकावली. ते सगळं त्या-त्या दिवशी लिहायला हवं होतं, पण परीक्षा होती.

८ जून, मंगळवार

मुलाखतीहून आलो. मुंबईत तीन डॉक्टर समोर बसले होते. विचारलं, हाच कोर्स का? पाठ केलेलं इंग्रजी उत्तर विसरलो. मराठीत एकतीस पायऱ्या सांगायला लागलो, टेबलावर थापून दाखवलं. मधले डॉक्टर म्हणाले, "पुरे, पुरे, भूक लागली." चांगलं झालं की वाईट, काही कळत नाही.

१९ जून, शनिवार

चांगलं झालं. पत्र आलं. आईनं दोन वेळा वाचायला लावलं. अण्णांनी रस्त्यानं जाणाऱ्या अशिलाला हाक मारून आत घेतलं.

२५ जून, शुक्रवार

परवा निघायचं. पण आजचं लिहिल्याशिवाय वही बंद करत नाही.

परशरामनं अंबुबाईंची चूल कमरेइतक्या ओट्यावर उचलून बांधून दिलीय. सोमवारपासून खानावळीला पुन्हा त्यांच्याच भाकऱ्या जातायत. मायाप्पानं कुणालाच काही सांगितलेलं नाही. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते बघू, म्हणाला.

मी दुपारी कुणाला न सांगता जाऊन बसलो. बाकं भरलेली. बाजारातले हमाल, दोन शाळामास्तर, गुंजीहून आलेला एक रेल्वेवाला. ताटं आली. प्रत्येक ताटात दोन भाकऱ्या. मी एकेकाच्या तोंडाकडं बघत होतो. मास्तरांनी भाकरी मोडली, पिठल्याला लावली आणि बदल्यांविषयी बोलत राहिले. रेल्वेवाल्यानं पहिली संपवली, दुसरी संपवली. हमाल एकमेकांना कसल्याशा बैलाची गोष्ट सांगत होते. भाकरीकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. बरी म्हटलं नाही, वाईट म्हटलं नाही. रोजची भाकरी, रोजच्यासारखी.

मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. शेजारच्या हमालाला वाटलं मिरची लागली. त्यानं तांब्या माझ्याकडं सरकवला आणि आतल्या बाजूला तोंड करून ओरडला, "मायाप्पा, आनि एक भाकरी!"

मी पाणी प्यायलो आणि हात वर केला. "मला पण!"